घंटा नऊची राहू द्या, फाटक सातला उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

या जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी आठ वाजता माझी तिसरीतली मुलगी आमच्या इमारतीच्या जिन्यात अनवाणी बसली होती. दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली असते, ती घ्यायला ती बाहेर आली आणि वाऱ्यानं दार लागलं. लॅचचं दार. किल्ली आत, दप्तर आत, बूट आत. अंगात शाळेचा ड्रेस होता, पण एका वेणीची रिबन सुटलेली होती. मी तेव्हा चाकणला कंपनीत होतो आणि तिची आई पिंपरीत हॉस्पिटलच्या वॉर्डात ड्युटीवर होती. आमच्याकडं शॉपफ्लोअरवर मोबाईल चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. साडेअकराला जेवणाच्या सुट्टीत फोन हातात घेतला तर व्हॅनवाल्या काकांचे चार मिस्ड कॉल दिसले. पहिला कॉल आठ वाजून बावीस मिनिटांचा होता. म्हणजे तीन तास मला काहीही माहीत नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिला घरात घेतलं, दूध-पोळी खायला दिली, त्यांच्या मुलीच्या चपला घातल्या आणि व्हॅनमध्ये बसवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्या दिवशी ती दप्तराशिवाय शाळेत गेली. संध्याकाळी मी घरी पोचलो तर तिनं मला पहिलं वाक्य सांगितलं ते हे, “पप्पा, मी रडले नाही.” मी हे पत्र त्या वाक्यामुळं लिहितो आहे.

आठ वर्षांची मुलगी सकाळी घरात एकटी का होती, असा प्रश्न वाचकांना पडेल. पडायलाच हवा. मलाही रोज पडतो. त्याचं उत्तर देण्याआधी शाळेच्या वेळेबद्दल सांगावं लागेल.

मुलगी पहिलीत होती तेव्हा तिची शाळा सकाळी सात दहाची होती. पावणेसहाला उठवायचो. झोपेतच तोंड धुवायचो, झोपेतच वेणी घालायचो. डिसेंबर-जानेवारीत ती व्हॅनमध्ये बसायची तेव्हा रस्त्यावरचे दिवे चालू असायचे. घड्याळ सगळ्या देशाचं एक आहे, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेलं. पुण्यात सूर्य त्या घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागं चालतो. जानेवारीच्या मध्याला आमच्याकडं सूर्य उगवतो तो सात वाजून गेल्यावर. सात दहाच्या शाळेत पोरं पोचायची ती अंधारातूनच.

म्हणून ८ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आला तेव्हा आमच्या घरात खरोखर आनंद झाला होता. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, सर्व माध्यमांना आणि सर्व व्यवस्थापनांना ते लागू, असं त्यात होतं. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा मांडला होता, तिथून ही गोष्ट सुरू झाली. माझी बायको नर्स आहे. ती म्हणाली, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, निदान आता नऊ तास तरी होतील. शाळेनं जून २०२४ पासून वेळ बदलली. काही शाळांनी बदलली नाही, अडचणी सांगितल्या. आमच्या शाळेनं मात्र नियम पाळला, ही गोष्ट मी कृतज्ञतेनं नोंदवतो. या निर्णयाविरुद्ध मला एक शब्दही लिहायचा नाही.

पण माझ्या मुलीची झोप त्या निर्णयानं वाढली ती फक्त अर्ध्या तासानं. घंटा एक तास पन्नास मिनिटं पुढं गेली आणि झोप अर्धा तास.

त्याचं कारण असं, की मूल किती वाजता उठणार हे शाळेच्या घंटेवर ठरत नाही. आई-बाप किती वाजता घराबाहेर पडणार, यावर ते ठरतं. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पहिली शिफ्ट सात ते साडेतीन. लांडेवाडी चौकातून कंपनीची बस सहा पाचला सुटते, कारण त्यानंतर निघालं तर नाशिक रस्त्यावर मोशीपासून पुढं कधी पोचू याचा भरवसा नाही. बायकोची सकाळची ड्युटी आठची, पण आदल्या पाळीकडून वॉर्ड समजून घ्यायला पावणेआठला पोचावं लागतं, म्हणून ती सात वीसला निघते. व्हॅन येते आठ वीसला. मधला एक तास आमच्या घरात कोणी मोठं माणूस नसतं. मुलीला एकटीनं गिझर लावू देता येत नाही, गॅसजवळ जाऊ देता येत नाही, दोन वेण्या तिच्या तिला येत नाहीत. म्हणजे अंघोळ, वेणी, नाश्ता, डबा हे सगळं सात वीसच्या आत. सव्वासहाला उठवावंच लागतं. मग ती ड्रेस घालून, बूट बाजूला ठेवून खुर्चीवर बसते आणि घड्याळाकडं पाहत राहते. कितीदा तरी ती तशीच बसल्या बसल्या झोपलेली काकूंनी पाहिली आहे.

माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. बायकोच्या ड्युट्या महिन्याच्या महिन्याला लागतात. आमच्या फ्रिजवर एक कॅलेंडर आहे. माझी शिफ्ट निळ्या पेनानं, तिची ड्युटी हिरव्या पेनानं. माझी पहिली शिफ्ट आणि तिची सकाळची ड्युटी एकाच दिवशी आली की तिथं लाल गोल. महिन्यात पाच, सहा, कधी आठ लाल गोल येतात. बाकीच्या दिवशी दोघांपैकी एक जण घरी असतो, पण कोणत्या अवस्थेत, हेही सांगायला हवं. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात मी रात्री एकला घरी पोचतो, झोप लागेपर्यंत दीड होतो आणि सकाळी पुन्हा मीच कणीक मळायला उभा असतो. तिसऱ्या शिफ्टहून आठला परत आलो की बूट न काढताच तिच्या बुटांना पॉलिश करतो. बायको रात्रपाळीहून येते तेव्हा मुलगी शाळेच्या वाटेवर असते. एकाच घरात राहून आम्ही दोघं आठवड्यातले तीन-चार दिवस फक्त दारात भेटतो. “भाजी झाकून ठेवलीये”, “वहीवर सही राहिलीये”, एवढंच बोलणं होतं.

त्यात पाण्याचा दिवस. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. आमच्या भागात ते पहाटे येतं. पाण्याच्या दिवशी चारला उठून पिंप, हंडे, बादल्या भरायच्या, मशीन लावायचं, आणि हे करता करता एका गॅसवर भाजी, दुसऱ्यावर तवा. डबे चार. माझा, बायकोचा, मुलीचा छोट्या सुट्टीचा आणि मोठ्या सुट्टीचा. शाळेनं डब्याचे वार ठरवून दिले आहेत. सोमवारी पोळी-भाजी, बुधवारी मोड आलेलं कडधान्य. चांगलं आहे, मुलं नीट खातात. पण मंगळवारी सकाळी मटकी भिजवायची विसरली तर बुधवारी काही उपाय नसतो.

रात्री पावणेदहाला पालकांच्या ग्रुपवर मेसेज येतो, उद्या पिवळा घोटीव कागद आणि जुनं वर्तमानपत्र पाठवा. बाईंचाही दोष नसतो, त्यांनाही वरून उशिरा कळलेलं असतं. पण त्या वेळी स्टेशनरीची दुकानं बंद झालेली असतात. दुसऱ्या दिवशी वर्गात कागद नसलेल्या मुलांना वेगळं बसवलं जातं, असं मुलगी सांगते. मी दोनदा पहाटे शेजाऱ्यांची दारं वाजवून कागद मिळवला आहे.

हे सगळं आधी माझ्या नजरेत नव्हतं, हे कबूल करतो. मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत बायको घरीच होती आणि सकाळ तीच ओढत होती. मला वाटायचं, सकाळ होते. आपोआप होते. ती पुन्हा नोकरीला लागल्यावर मला कळलं की सकाळ कोणीतरी करावी लागते. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्याच घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात रोज २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७, असं आलं होतं. ते वाचून मी गप्प झालो होतो. माझ्यासारख्या पुरुषांनी चूल आणि वेणी शिकली पाहिजे, आणि शिफ्टमधले माझे कितीतरी मित्र शिकले आहेत. पण दोघंही सात वीसच्या आत घराबाहेर असतील तर घरातली कामं कितीही सारखी वाटून घेतली तरी आठ वीसला दारात उभं राहायला माणूस कुठून आणायचा?

आजी-आजोबांकडं बोट दाखवणारे पुष्कळ भेटतात. माझे आई-वडील लातूर जिल्ह्यात गावाकडं असतात. तीन एकर सोयाबीन आणि दोन म्हशी आहेत. २०२४ च्या पावसाळ्यानंतर आई चार महिने आमच्याकडं राहिली. ते चार महिने मुलगी साडेसातपर्यंत झोपायची आणि आजीच्या हातचं धपाटं खाऊन व्हॅनमध्ये बसायची. तिचं वजन वाढलं होतं. मग वडिलांचा गुडघा दुखायला लागला आणि आईला परत जावं लागलं. भोसरी, मोशी, चिखली या पट्ट्यात मराठवाडा-विदर्भातून आलेली अशी कितीतरी कुटुंबं आहेत, ज्यांचं म्हातारं माणूस गावाकडच्या घराला आणि जनावरांना बांधलेलं आहे. पाळणाघरंही पाहिली. आमच्या जवळची दोन्ही आठला उघडतात. बायकोनं कायमची रात्रपाळी मागून पाहिली. दोन महिने केली, मग तिचा रक्तदाब वाढला.

कायद्यातही आमच्यासारख्यांचा विचार अर्धाच झालेला दिसतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथं पाळणाघर असावं, असं होतं, पण ते सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. मूल पहिलीत गेलं की त्याला सांभाळायला कोणी लागत नाही, असं जणू धरून चाललेलं आहे. आणि मोजायच्या होत्या त्या बायाच. बापाला मूल असतं, हे तिथं कुठं मोजलेलं नव्हतं.

आता माझं मागणं काय ते सांगतो.

आमच्या शाळेत पाचवी ते दहावीचे वर्ग सकाळी सातला भरतात. फाटक पावणेसातला उघडतं. शिपाईमामा असतात, सुरक्षारक्षक असतो, दिवे लागलेले असतात, पाणी असतं. तळमजल्यावर पहिली ते चौथीचे वर्ग आहेत आणि ते नऊपर्यंत रिकामे असतात. बाकं उलटी ठेवलेली, पंखे बंद. आणि शाळेचं परिपत्रक असं आहे की प्राथमिकच्या विद्यार्थ्यांना आठ पंचेचाळीसच्या आधी आवारात सोडू नये, सोडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. म्हणजे फाटक उघडं असतं, खोली रिकामी असते, माणसं हजर असतात, आणि माझी मुलगी दोन किलोमीटरवर बंद घरात एकटी बसलेली असते.

त्या रिकाम्या खोल्यांतली एक खोली सातपासून नऊपर्यंत उघडा. एक सतरंजी घाला. एक जबाबदार मोठं माणूस तिथं बसवा. अभ्यास घेऊ नका, संस्कारवर्ग नको, स्पर्धापरीक्षेची तयारी तर मुळीच नको. ज्या मुलाला झोपायचं आहे त्याला दप्तर उशाला घेऊन झोपू द्या. ज्याला डबा खायचा आहे त्याला खाऊ द्या. एक नोंदवही ठेवा, आलेल्या मुलाचं नाव आणि वेळ लिहा. मुलाला सोडायचं काम पालक करतील. बायको स्कूटीवरून जाता जाता मुलीला सात तीसला सोडू शकते, शाळा तिच्या वाटेवरच आहे. मग मुलीला अंघोळ आदल्या रात्री घालता येईल, वेणी शाळेच्या दारातही घालता येते, आणि ती साडेसहा-पावणेसातपर्यंत झोपेल. मुख्य म्हणजे ती माणसांत असेल.

याला पैसा लागेल. तो द्यायला आम्ही तयार आहोत. माझ्या माहितीतले अकरा पालक महिना पाचशे रुपये द्यायला तयार आहेत, मी स्वतः विचारून आलो आहे. पण पैशावर हे सोडता येणार नाही, कारण ज्या घरांत हे सगळ्यात जास्त लागतं तिथं पाचशे रुपये जास्त असतात. आमच्या इमारतीत झाडू-फरशीला येणाऱ्या ताई पहाटे साडेपाचला घर सोडतात. त्यांचा मुलगा महापालिकेच्या शाळेत दुसरीत आहे. त्याला उठवते त्याची पाचवीतली बहीण. ती दहा वर्षांची मुलगी रोज सकाळी भावाची आई होते. अशा मुलांसाठी ही खोली महापालिकेनं आपल्या शाळांत स्वतःच्या खर्चानं उघडली पाहिजे. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बचत गटांच्या बाया आहेतच. त्यांना दोन तासांचं जास्तीचं मानधन दिलं तर यातल्या कितीतरी जणी हे काम आनंदानं करतील, कारण त्यांची मुलंही त्याच शाळेत असतात.

माझ्या सेक्शनला सेलमचा एक सहकारी आहे. त्याच्या गावच्या सरकारी शाळेत मुलांना सकाळी उपमा, पोंगल मिळतो. तमिळनाडूनं ही न्याहारीची योजना सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू केली आणि पुढच्या वर्षी राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली. योजना भुकेसाठी काढलेली, पण तो म्हणतो, त्याच्या बहिणीला तिचा खरा उपयोग होतो तो सकाळी. कामावर जाताना ती पोराला शाळेत सोडते आणि पोर खाईल की नाही याचा घोर राहत नाही. आपल्या राज्यात दुपारचं जेवण शाळेत शिजतंच आहे. सकाळचे दोन तास धरायला फार मोठी उडी लागणार नाही.

शाळेशी मी बोललो. मुख्याध्यापक सर चांगले आहेत, त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं. म्हणाले, तुमचं म्हणणं पटतं, पण मुलाला काही झालं तर जबाबदारी कोणाची, तसा लेखी आदेश नाही. त्यांची भीती मला समजते. एखादं मूल पायरीवरून पडलं तर पेपरात नाव शाळेचं येतं. म्हणूनच हे पत्र शाळेविरुद्ध लिहीत नाही. शिक्षण विभागानं नऊच्या घंटेचा आदेश काढला, तसा एक छोटा आदेश फाटकाचा काढावा. चौथीपर्यंतच्या ज्या मुलांच्या पालकांनी लेखी मागितलं आहे, त्यांना सातपासून आवारात बसू द्यावं, त्यासाठी नेमलेल्या माणसाला मानधन आणि अधिकार द्यावेत, आणि विम्याची सोय करावी. मुख्याध्यापकांच्या हातात कागद असेल तर ते नाही म्हणणार नाहीत. दोन शिफ्टांच्या शाळांत, जिथं सकाळी एकही खोली रिकामी नाही, तिथं अडचण येईल हे मान्य आहे. तिथं सभागृह, वाचनालय, जवळची अंगणवाडी असं काहीतरी शोधावं लागेल. पण जिथं खोल्या रिकाम्या आहेत तिथून सुरुवात करायला काय हरकत आहे?

मुलगी अजून एक वर्ष चौथीपर्यंतच्या नियमात आहे. पाचवीत गेली की पुन्हा सकाळी सातची शाळा, पुन्हा पाच पंचेचाळीस. म्हणजे ही खोली मिळाली तरी आम्हाला ती जेमतेम वर्षभर पुरेल. पण आमच्यामागं पहिलीत येणारी पोरं आहेत.

एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार करत होतो, लिहितोच. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात, सलग चार सकाळी पाच वाजता उठल्यावर, मी यंत्राच्या भागातल्या भोकाचं, म्हणजे बोअरचं, माप वाचायला चुकलो. माझ्या हातात मायक्रोमीटर असतो. चाळीस नग पुढं गेले आणि परत आले. मेमो मिळाला, तो ठीक आहे. पण माझ्या बायकोच्या हातात सिरिंज असते. ती रोज निघताना दारात थांबून मुलीला तीच तीन वाक्यं सांगते, कुणालाही दार उघडू नको, गॅसजवळ जाऊ नको, काका आले की हॉर्न वाजवतील. आणि मग वॉर्डात पोचून तिला डोस मोजायचे असतात, आणि आठ वीसला तिचं लक्ष घड्याळाकडं जातं. तिनं अजून चूक केलेली नाही. ती मला म्हणते, मी प्रत्येक डोस दोनदा वाचते. आठ वीसला तीनदा वाचते.

त्या मंगळवारनंतर किल्ली मुलीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असते. शाळेत ड्रेसच्या आत घालते, बाईंना दिसू नये म्हणून.

पुढच्या महिन्याची बायकोची ड्युटी परवा लागली. काल रात्री मी आणि मुलगी दोघांनी बसून कॅलेंडर भरलं. निळं मी भरलं, हिरवं तिनं. लाल गोलही तीच काढते, तिला ते काम आवडतं. सात आले. पहिला येत्या सोमवारी आहे.

आपला,
एक पालक, लांडेवाडी, भोसरी

(मुलीची शाळा ओळखू येऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)